तार एका दिवसात बसते, दात दोन वर्षांत सरकतात

केळझर हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले, नागपूर–वर्धा रस्त्यावरचे गाव. सिद्धिविनायकाच्या दर्शनाला इथे विदर्भभरातून माणसे येतात आणि एकचक्रानगरीची, बकासुराची कथा ऐकून जातात. दंतोपचारांच्या नकाशावर मात्र हे गाव वेगळ्याच कारणाने भाग्यवान ठरावे. एका बाजूला पंचवीसेक किलोमीटरवर वर्धा, त्याला लागून सावंगी (मेघे) येथे १९९१ पासूनचे शरद पवार दंत महाविद्यालय. दुसऱ्या बाजूला पन्नासेक किलोमीटरवर नागपूर, तिथे १९६८ पासूनचे शासकीय दंत महाविद्यालय, शिवाय हिंगण्याच्या वाटेवर खासगी महाविद्यालये. वाकडे दात सरळ करण्याच्या शास्त्रात, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, एमडीएस घडवणारे विभाग दोन्ही दिशांना आहेत. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटाच्या माणसाला हेवा वाटावा अशी ही जागा. तरीही इथल्या पस्तिशीच्या शेतमजूर बाईने किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या तरुणाने दातांना तार लावायची म्हटली, तर उपचार सुरू करणे सोपे आणि पूर्ण करणे महाकठीण, असा हिशेब निघतो. प्रौढांच्या बाबतीत खरा अडसर वयाचा नाही आणि तारेच्या किमतीचाही पूर्णपणे नाही. तो फेऱ्यांचा आहे. सार्वजनिक आरोग्यव्यवस्था या फेऱ्या गावाजवळ आणत नाही, तोवर हा उपचार शहरातल्या हौशीचा म्हणूनच ओळखला जाईल.

आधी वयाबद्दलचा समज बाजूला करू. ‘लग्न झालं, पोरं झाली, आता कायले पायजे तार?’ हा प्रश्न आपल्याकडे घरोघर ऐकू येतो, आणि त्यामागे दात फक्त लहानपणीच हलतात अशी समजूत असते. दात जबड्याच्या हाडात सिमेंटमध्ये बसवल्यासारखा घट्ट नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. दातावर हलका, सतत दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते आणि ताणाच्या बाजूला नवे हाड भरते. कार्ल सँडस्टेड या स्वीडिश संशोधकाने १९०४ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले, आणि आजही सगळ्या तारा याच तत्त्वावर चालतात. हाडाची ही झीज-भर पन्नाशीतही चालू असते, फक्त सुरुवातीला तिचा वेग थोडा कमी असतो. बदलते ते दुसरेच. जबड्याची वाढ थांबलेली असते. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाच्या वाढीचा फायदा घेऊन जबड्यांतला जो फरक कमी करता येतो, तो प्रौढात करता येत नाही. तिथे एक तर दातांच्या कलाने तो झाकावा लागतो, नाहीतर शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते. थोडक्यात, जन्मतारखेपेक्षा हिरड्या आणि हाड किती शाबूत आहेत हे डॉक्टरसाठी महत्त्वाचे असते.

मग प्रौढ माणसाला याची गरज का पडावी? हसणे देखणे व्हावे ही इच्छा काही गुन्हा नाही. चारचौघांत बोलताना तोंडावर पदर किंवा हात धरण्याची सवय ज्यांना लागली आहे, त्यांच्यासाठी ती इच्छा पुरेशी मोठी आहे. उपचार घेतलेल्या प्रौढांच्या अभ्यासांत खाणे, बोलणे, लोकांत मिसळणे याबद्दलचे समाधान वाढल्याचे आढळतेही. पण खेड्यातल्या प्रौढांच्या तोंडात याहून रोखठोक कारणे असतात. विशीत खालची दाढ किडते, रूट कॅनल परवडत नाही, म्हणून ती काढून टाकली जाते आणि तिच्या जागी काही बसवले जात नाही. कुंपणाचा एक खांब निघाला की शेजारचे झुकू लागतात, तसे पुढच्या काही वर्षांत मागची दाढ रिकाम्या जागेत कलते आणि वरची दाढ खाली उतरते. चाळिशीत माणूस ब्रिज बसवायला जातो तेव्हा जागाच उरलेली नसते. कलती दाढ तारेने उभी केली तरच पुढचे काम नीट होते. दुसरे कारण पायोरियाचे. हिरड्यांचा आजार जुना झाला, हाड खचले, की वरचे पुढचे दात पंख्यासारखे पसरतात, फटी पडतात आणि ‘दात अचानक पुढे आले’ अशी तक्रार घेऊन माणूस येतो. तिसरे कारण म्हणजे खालचे दात वरच्या टाळूत रुतण्याइतका खोल चावा. चौथे, जन्मतः दुभंगलेल्या ओठ-टाळूचे. बालपणीच्या शस्त्रक्रियेनंतरही अशा रुग्णांच्या दातांचे आणि जबड्याचे काम वाढ थांबल्यावर, म्हणजे अठराव्या वर्षाच्या आसपास किंवा नंतर, पूर्ण होते. या चौघांपैकी एकालाही हौशी म्हणता येणार नाही.

तरीही उपचाराची बाजू मांडताना त्याच्या नावावर खोटे दावे खपवू नयेत. दात सरळ केले की हिरड्यांचे आजार टळतात, असे सर्रास सांगितले जाते. उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तर त्याला भक्कम आधार सापडत नाही. जबड्याच्या सांध्याचा कटकट आवाज तारेने जातो, हेही सिद्ध झालेले नाही. अक्कलदाढा पुढच्या दातांना ढकलून वाकडे करतात, हा लोकप्रिय समजही तपासणीत टिकलेला नाही. उलट धोके ठाऊक असलेले आहेत. दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटभोवती अन्न साचून पांढरे डाग पडतात, काही दातांच्या मुळांची टोके थोडी आखडतात, आणि हिरड्या सुजलेल्या असताना दात हलवले तर राहिलेले हाडही वेगाने जाते. म्हणून प्रौढाच्या बाबतीत क्रम ठरलेला आहे: आधी हिरड्यांची सफाई आणि उपचार, मग काही महिने वाट, मग हलक्या जोराची तार. विदर्भात या क्रमाच्याही आधी एक अट येते, ती खर्रा सोडण्याची. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर पन्नीत बांधून मिळतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, खर्ऱ्याची सवय मात्र सुटलेली नाही. २०१६–१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारे निघाले. सुपारीने गालाच्या आतल्या कातडीखाली तंतू घट्ट होत जातात आणि तोंड उघडणे कमी होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तारेचा विचार नंतर, तपासणी आधी.

आता फेऱ्यांकडे येऊ. प्रौढांचा उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो, आणि सहा-सहा आठवड्यांनी तार बदलणे किंवा घट्ट करणे आले. दोन वर्षांचे १०४ आठवडे धरले तर सतरा फेऱ्या होतात, त्याही तार न तुटता, ब्रॅकेट न निघता. प्रत्यक्ष खुर्चीवर जे घडते ते पंधरा-वीस मिनिटांचे असते. गाल बाजूला धरणारी प्लॅस्टिकची कड ओठांत बसते. डॉक्टर प्रत्येक ब्रॅकेटवरची रबराची बारीक कडी टोकदार हत्याराने सोडवतात, जुनी तार ओढून काढतात, तिच्याहून किंचित जाड तार ओवतात, नव्या कड्या चढवतात आणि गालाला टोचू नये म्हणून दाढेमागचे टोक कापून वाकवतात. पण या वीस मिनिटांसाठी केळझरच्या माणसाला सकाळची बस धरून वर्धा गाठावे लागते, तिथून सावंगीला ऑटो करावा लागतो, खिडकीवर केसपेपर काढून रांगेत बसावे लागते, आणि परत येईतो दुपार कलते. तिकिटाचा भार महिलांसाठी मार्च २०२३ पासून निम्मा झाला आहे, तेव्हा मुद्दा भाड्याचा उरत नाही. मुद्दा बुडालेल्या दिवसाचा आहे. रोजगार हमीचा २०२४–२५ चा दर दिवसाला २९७ रुपये होता. सतरा दिवसांचे ५,०४९ रुपये झाले, सोबत कोणी आले तर दुप्पट. दसऱ्या-दिवाळीनंतर कापूस वेचणीला उभे राहिलेले शेत सोडून तार घट्ट करायला जाणे कोणाला परवडेल? दोन-तीन फेऱ्या चुकल्या की सुटलेले ब्रॅकेट तसेच लोंबते, रबर सैल पडते, दात भलतीकडे वळतात, आणि शेवटी ‘काढून टाका एकदाची’ म्हणून अर्ध्यावर सारे संपते. तोवर दिलेले पैसे गेले, आणि काही वेळा दाढांवर पांढरे डाग मागे राहिले.

यावर पहिला आक्षेप प्राधान्याचा असेल, आणि तो क्षुल्लक नाही. जिथे सर्पदंशाचे इंजेक्शन वेळेवर मिळण्याची खात्री नाही आणि बाळंतपणासाठी शहराकडे धाव घ्यावी लागते, तिथे सरकारने प्रौढांचे दात सरळ करत बसावे काय? उत्तर दोन भागांत आहे. एक, इथे नव्या इमारतीची किंवा महागड्या यंत्राची मागणी नाही. केंद्राच्या निकषांनुसार सामुदायिक आरोग्य केंद्राला, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयाला, दंतशल्यचिकित्सकाचे पद आहे. २०१४–१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमातून खुर्ची आणि साहित्य देण्याचीही सोय आहे. खुर्ची आहे, पद आहे. प्रश्न त्या खुर्चीवर दात काढण्याखेरीज आणखी काय व्हावे, एवढाच आहे. दोन, ज्याच्या तोंडात तार आहे त्याचे तोंड दोन वर्षांत पंधरा-सतरा वेळा कोणीतरी प्रशिक्षित माणूस उजेडात पाहतो. तंबाखूच्या पट्ट्यात याची किंमत मोठी आहे. गालातला पांढरा चट्टा, भरून न येणारी जखम, कमी होत चाललेले तोंड उघडणे हे सगळे लवकर दिसू शकते. एरवी तिशीतला माणूस दाढ ठणकेपर्यंत दातांच्या डॉक्टरकडे फिरकत नाही.

दुसरा आक्षेप शहरातून येईल: आता तारेऐवजी दातांवर बसवायचे पारदर्शक अलाइनर आले आहेत, ते कुरिअरने घरी येतात, मग फेऱ्यांचा प्रश्न राहिलाच कुठे? हे तंत्र खरे आहे आणि योग्य रुग्णाला उपयोगीही आहे. पण दिवसाचे वीस-बावीस तास लावायचे, खाताना काढायचे, पंधरवड्याने बदलायचे, असा शिस्तीचा हा उपचार आहे, आणि त्याचा खर्च साध्या धातूच्या तारेच्या कितीतरी पट होतो. शिवाय तोंड न तपासता, हिरड्या न पाहता, एक्स-रे न काढता घरबसल्या साच्यावरून अलाइनर पाठवण्याचा प्रयोग जगाने करून पाहिला आहे. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी २०१४ मध्ये याच कल्पनेवर उभी राहिली, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबरात बंद पडली. उपचार अर्धवट राहिलेल्या ग्राहकांनी पुढे कोणाकडे जायचे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. फेऱ्या टाळण्याचा हा मार्ग तपासणीच टाळणारा निघाला. खेड्यातल्या प्रौढासाठी, ज्याच्या हिरड्या बहुधा कधीच साफ झालेल्या नाहीत, हाच भाग सर्वांत धोक्याचा आहे. तपासणारा माणूस वगळून चालणार नाही. तो रुग्णाच्या जवळ येऊन बसला पाहिजे.

हे कसे जमेल? आपल्याकडे दंतआरोग्याची गावपातळीवरची ओळख म्हणजे शिबिर. शाळेच्या वर्गात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात टेबल मांडायचे, तोंडे पाहायची, चिठ्ठ्या द्यायच्या, टूथपेस्टच्या लहान नळ्या वाटायच्या, फोटो काढून निघायचे. दुखणे शोधायला हे ठीक आहे, पण तारेच्या उपचाराला तारखेला परत येणारी व्यवस्था लागते. म्हणून काम दोन ठिकाणी विभागावे. पूर्ण तपासणी, एक्स-रे, साचे, आराखडा, ब्रॅकेट चिकटवणे, उपचाराचे अवघड टप्पे आणि शेवटी तार काढणे महाविद्यालयात. मधली देखरेख सेलूच्या ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी: सफाई, रबराच्या कड्या बदलणे, टोचणारे टोक कापणे, निघालेले ब्रॅकेट कळवणे, तोंडाचे फोटो आराखडा करणाऱ्या डॉक्टरला पाठवणे. महाविद्यालयाचा विशेषज्ञ महिन्यातून एका ठरलेल्या वारी तिथे यावा. तो वार आठवडी बाजाराचा निवडला तर लोकांना वेगळा दिवस मोडावा लागणार नाही. सतरापैकी अकरा-बारा फेऱ्या अशा जवळ झाल्या तर सावंगीला किंवा नागपूरला जाणे दोन वर्षांत पाच-सहा वेळांवर येईल. निकेल-टायटॅनियमच्या आजच्या तारा हलका जोर दीर्घकाळ देतात, त्यामुळे सुरुवातीच्या टप्प्यात दोन भेटींमधले अंतर आठ-दहा आठवड्यांपर्यंतही वाढवता येते. ती सवड कापूस वेचणीच्या हंगामाला धरून आधीच आखता येईल.

दंतवैद्यकातलेच काही जण इथे हरकत घेतील: बीडीएस झालेल्या डॉक्टरच्या हाती तारेचे काम दिले तर दर्जाचे काय? तीन वर्षांच्या एमडीएसचा अर्थ काय उरला? ही काळजी रास्त आहे आणि म्हणूनच वाटणी स्पष्ट हवी. दात कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने हलवायचे हा निर्णय विशेषज्ञाचाच राहील. तो निर्णय बिघडू न देणे हे ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरचे काम. सुटलेले रबर दोन महिने तसेच राहण्यापेक्षा प्रशिक्षित बीडीएसने बदललेले कधीही बरे. आणखी एक अडचण महाविद्यालयांच्या रचनेत आहे. रुग्णाचा उपचार दोन वर्षांचा आणि विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यामुळे विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला की रुग्ण दुसऱ्याच्या हाती जातो आणि नव्याने सगळे सांगत बसतो. गावाजवळच्या केंद्रात त्याची नोंद, फोटो आणि तोच स्थानिक डॉक्टर असेल, तर हा सांधा तुटणार नाही. विद्यार्थ्यांचाही यात लाभ आहे. शहरातल्या किशोरवयीन मुलांचे दात सरळ करण्यापेक्षा खचलेल्या हाडाचा, दोन दाढा गेलेला, सवय सोडू पाहणारा चाळिशीचा रुग्ण त्यांना अधिक शिकवील.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उरतो. तार लावण्याचा खर्च सहसा आरोग्य विम्यात बसत नाही, आणि सरसकट सगळ्यांच्या दातांचा भार सरकारने उचलावा अशी मागणी करणे बेजबाबदारपणाचे होईल. निवड करण्याचे साधन मात्र तयार आहे. ब्रिटनमध्ये ब्रूक आणि शॉ यांनी १९८९ मध्ये उपचाराच्या गरजेचा पाच पायऱ्यांचा निर्देशांक मांडला. तिथल्या सरकारी सेवेत कोणाच्या उपचाराला पैसा द्यायचा हे मुख्यतः त्यावरून ठरते, आणि प्रौढांना ती सवलत सहजी मिळत नाही. आपण त्याची नक्कल करण्याची गरज नाही. टाळूत रुतणारा चावा, दुभंगलेल्या टाळूचे राहिलेले काम, ब्रिज किंवा कवळी बसवण्याआधी उभी करावी लागणारी दाढ आणि हिरड्यांवर उपचार होऊनही पसरलेले दात या चार गटांना सवलतीच्या दरात उपचार द्यावेत. ज्यांना केवळ देखणे हसू हवे, त्यांनी महाविद्यालयाचे शुल्क भरावे. पण जवळच्या फेऱ्यांची सोय दोघांनाही सारखीच असावी, कारण तिला खर्च जवळजवळ नाही.

आणि एक गोष्ट उपचार सुरू करण्यापूर्वीच प्रत्येकाला सांगितली पाहिजे. तार निघाली म्हणजे काम संपले, असे नसते. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात उपचार झालेल्या रुग्णांकडे दहा वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा खालच्या पुढच्या दातांची रांग समाधानकारक राहिलेले लोक एक तृतीयांशापेक्षाही कमी निघाले. म्हणून दात जागेवर राखणारा रिटेनर रात्री लावणे किंवा दातांमागे चिकटवलेली बारीक तार सांभाळणे हा वर्षानुवर्षांचा नेम ठरतो. तो मोडला की दोन वर्षांची मेहनत आणि बुडालेली मजुरी दोन्ही पाण्यात जातात. वर्षातून एकदा तो रिटेनर तपासायला पंचवीस-पन्नास किलोमीटर जावे लागणार असेल, तर कोणी जाणार नाही, हे उघड आहे. सेलूच्या रुग्णालयात ते पाच मिनिटांत होईल. म्हणून जिल्हा आरोग्य यंत्रणा आणि सावंगी–नागपूरची महाविद्यालये यांनी सुरुवात एका तालुक्यापासून, वीस-पंचवीस प्रौढ रुग्णांपासून करावी, आणि दोन वर्षांनी मोजावे: किती जणांचा उपचार पूर्ण झाला, किती जणांनी खर्रा सोडला, आणि आणखी एका वर्षाने किती रिटेनर वापरात आहेत. आकडे वाईट आले तर योजना बंद करावी. चांगले आले तर ती इतर तालुक्यांत नेण्याला अडवणारे कारण उरणार नाही.